मुक्या अक्षरांची वतने

इंग्रजीच्या तासाला 'डेट', म्हणजे कर्ज, हा शब्द कानाला ऐकू आला तसा लिहून त्यातील 'बी' गाळल्याबद्दल मी हातावर छडी खाल्ली, तेव्हा त्या मुक्या अक्षराची सनद तपासण्याचे धैर्य माझ्या अंगी नव्हते; पुढे कळले की, चौदाव्या शतकातील चॉसर कवीही हा शब्द 'बी'वाचूनच लिहीत असे, आणि लॅटिन 'डेबिटुम'शी असलेले नाते डोळ्यांना दिसावे एवढ्याचसाठी ते अक्षर नंतरच्या पंडितांनी त्यात घातले.

इंग्रजीच्या दप्तरात अशा मुक्या व्यंजनांची वतने तऱ्हेतऱ्हेची आहेत. 'नाइट', म्हणजे सरदार, या शब्दातील 'के' आणि 'जीएच' ही दोन्ही एके काळी उच्चारली जात. पण १४७६ साली विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला छापखाना घातल्यावर लेखन हळूहळू थिजत गेले, उच्चार मात्र वाहत राहिला, आणि चाकरी सुटूनही त्या अक्षरांचे वतन चालू राहिले. 'डेट'मधील 'बी'ने इंग्रजीत चाकरी कधी केलीच नाही, तरी त्याचे घराणे खरे. 'आयलंड'मधील 'एस' मात्र पानिपतानंतर भाऊसाहेब म्हणून पुढे आलेल्या तोतयासारखा, कारण मुळात अस्सल इंग्रजी असलेल्या त्या शब्दाचे लॅटिन 'इन्सुला'शी खोटे नाते जोडून तो आत शिरला.

या अव्यवस्थेला हसण्याचा अधिकार आपल्याला बेताचाच आहे. 'नांव', 'केलें' यांवरील अनुच्चारित अनुस्वार आपणही व्युत्पत्तीच्या आदरापोटी दीर्घकाळ सांभाळले, आणि १९६२च्या लेखननियमांनी ते खालसा झाले. 'चार' आणि 'चाक' यांतील दोन भिन्न ध्वनी तर आपण अद्याप एकाच चिन्हावर भागवतो.

परक्या भाषेची वतने खालसा करणे आपल्या अखत्यारीत नाही. ती शिकवावी कशी, हे मात्र आहे. स्पेलिंगची घोकंपट्टी करून घेण्यापूर्वी शिक्षकाने अक्षराची कैफियत सांगावी, फळ्यावर 'नाइट' लिहून तो जुन्या वळणाने 'क्निख्त' असा एकदा खणखणीत वाचून दाखवावा. त्या उच्चाराला वर्ग खदखदून हसेल, पण त्यातील 'के' आणि 'जीएच' पुन्हा विसरणार नाही. आणि 'बी' गाळणाऱ्या मुलाची चूक अवश्य सुधारावी, परंतु छडी उगारण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की, कानाशी तो इमानी राहिला होता, आणि ते कर्ज त्याने नव्हे, पंडितांनी काढलेले होते.