बैल पंधराला एक!

गेल्या विकांताला आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा अड्डा जमला होता. मी डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा. वेशीवरच्या लढाईत ड्रॅगन पळाला, पण त्याच्या आगीत एका शेतकऱ्याची बैलजोडी गेली. आमच्या एका शूरवीराने लगेच 30 सोन्याची नाणी काढली. "बैल पंधराला एक. हिशोब पूर्ण. चला पुढे!"

ज्याचे काका अजून शेती करतात तो मित्र म्हणाला, "अरे, पेरणीच्या तोंडावर बैल गेले त्याचे. आता काय नाणी जुंपणार औताला?"

सगळे हसले. मी मात्र अडकलो.

भाव चुकीचा नव्हता. 2014 च्या प्लेअर्स हँडबुकात तसाच आहे. कोंबडी तांब्याची 2 नाणी, शेळी सोन्याचं 1, गाय 10, बैल 15. पण याच पुस्तकात मजुराची रोजची मजुरी चांदीची 2 नाणी आहे, आणि चांदीची दहा म्हणजे सोन्याचं एक. म्हणजे एक बैल = 75 दिवसांची मजुरी. आता गंमत बघा, गरिबीत राहण्याचा रोजचा खर्चही चांदीची 2 नाणीच! शिल्लक शून्य. हा माणूस जन्मात बैल घेऊ शकत नाही. आणि आमच्या वीराच्या कमरेची लाँगसोर्ड? तीही बरोब्बर 15 ची. एक बैल कमरेला लटकवून फिरतोय पठ्ठ्या.

व्यापारी मालाचंही तेच. मिरी 2 सोन्याची नाणी पौंड, मग बंदर असो की डोंगरातलं खेडं. हापिसात कोडमध्ये कोणी आकडा हार्डकोड केला की आपण नाक मुरडतो, इथे मात्र निमूट मान्य! भाव सगळीकडे सारखाच असेल तर तांडे घेऊन व्यापारी फिरतात कशाला? आणि त्या तांड्यांचं रक्षण करायला आपले वीर नोकरीला लागतात कशाला?

कोणी म्हणेल, खेळ आहे रे, बॅलन्स शीट नाही. मान्य. मलाही दर गावाची एक्सेल शीट नकोय. ही यादी वीरांच्या खरेदीसाठी आहे आणि त्या कामाला ती ठीकच आहे. पण गावकऱ्याचं नुकसान तिच्यावरून मोजू नये, एवढंच माझं म्हणणं.

म्हणून मी तीनच नियम केलेत. एक, किंमत नाण्यांत नाही, मजुरीच्या दिवसांत सांगायची. दोन, माल जिथे पिकतो तिथे अर्धा भाव, लांब गेला की दुप्पट. तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: भाव सांगण्याआधी वस्तू मिळते का ते ठरवायचं. पेरणीच्या आठवड्यात बैल कोण विकेल?

त्या रात्री मी शेतकऱ्याला नाणी परत करायला लावली. "पैसे नकोत, बैल आणून द्या," तो म्हणाला. मग काय, आमचे वीर ड्रॅगन सोडून दोन दिवस गावोगाव बैल शोधत हिंडले. शेवटी एक मिळाला, तोही तिप्पट भावाने. दुसऱ्याच्या जागी जुंपला त्यांनी स्वतःचा 400 नाण्यांचा युद्धाचा घोडा!

असो. ड्रॅगन पुढच्या विकांताला. :)