‘तुम्ही बसा’ म्हणण्याआधी

वाचकहो, आपल्या घरात वडीलधारी व्यक्ती असेल, तर ‘तुम्ही बसा’ हे दोन शब्द आपण दिवसातून किती वेळा उच्चारतो, हे एकदा मोजून पाहावे. मी ते मोजले नव्हते. मोजण्याची गरज कशी भासली, ते आज सांगते.

माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, मूळचे रेवदंड्याचे. कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथले हे गाव. एका अंगाला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या अंगाला पोर्तुगीजांनी बांधलेला आणि १७४० साली मराठ्यांकडे आलेला किल्ला, आणि खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. अण्णांनी उभी हयात खाडीच्या पैलतीरावरील शाळेत शिक्षक म्हणून काढली. खाडीवर पूल नव्हता, तेव्हा रोज होडीने जावे आणि होडीनेच परतावे लागे.

चार वर्षांपूर्वी ते न्हाणीघरात घसरले आणि मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. सासूबाई त्याआधीच निवर्तल्या होत्या. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांना गावी एकटे ठेवणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही त्यांना ठाण्याला घेऊन आलो. सेवेत मी काही कमी पडू दिले नाही, असे तेव्हा मला मनापासून वाटे. ते भाजी निवडायला आले, की मी ताट उचलून घेई. कपड्यांच्या घड्या घालू लागले, की म्हणे, “अण्णा, तुम्ही बसा, मी करते.” फुलझाडांना पाणी घालायला उठले, तर नातू धावत जाऊन झारी घेई. त्यालाही आम्हीच तसे शिकवले होते.

अण्णा बसले. वर्षभरात ते इतके शांत झाले, की पाहुण्यांना कौतुक वाटे. ‘काही म्हणजे काही त्रास नाही हो यांचा,’ असे लोक म्हणत आणि मला ती माझ्या सेवेची पावती वाटे. दरम्यान विसरही वाढत होता. सकाळी काय खाल्ले ते दुपारी आठवत नसे. डॉक्टरांनी तपासून वयोमानानुसार स्मरणशक्ती उणावत असल्याचे सांगितले, औषधे दिली आणि जाता जाता विचारले, “दिवसभर हे काय करतात?” मी म्हटले, “काहीच करू देत नाही त्यांना.” डॉक्टर नुसते माझ्याकडे पाहत राहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला त्या दिवशी उमगला नाही.

तो उमगला रेवदंड्यात. गेल्या दिवाळीला आम्ही अण्णांना घेऊन गावी गेलो होतो. भाऊबीजेच्या संध्याकाळी पडवीत बसलेल्या नातवाने विचारले, “उद्या सकाळी किल्ल्यापाशी वाळूत खेळता येईल का?” मी मोबाइल शोधू लागले. तेवढ्यात आतल्या आरामखुर्चीतून आवाज आला, “आज भाऊबीज, म्हणजे उद्या तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी सव्वाआठला पूर्ण ओहोटी. साडेसातला निघा. अमावास्या होऊन तीनच दिवस झालेत, पाणी लांबवर जाईल.”

आम्ही सारे स्तब्ध झालो. इतके सलग बोलणे त्यांच्या तोंडून कित्येक महिन्यांत ऐकले नव्हते.

हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला बाराच्या सुमारास. पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी आणि दोन भरतींच्या मध्ये ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही जवळजवळ तितकीच मागे सरते, म्हणून हे गणित जुळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे बेताची भरती असते. होडी धक्क्याला लागणार, की चिखल तुडवत जावे लागणार, हे अण्णांना रोज याच हिशेबाने ठरवावे लागे. शिवाय लहानपणी पंतोजींपुढे घोकलेली पाऊणकी जिभेवर होतीच. विस्मरणात ताज्या गोष्टी आधी निसटतात, तर लहानपणी मुरलेल्या आणि वर्षानुवर्षे हाताखालून गेलेल्या गोष्टी बऱ्याचदा दीर्घकाळ टिकून राहतात. अण्णांच्या बाबतीत आम्ही ते डोळ्यांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सांगण्यानुसार गेलो. तटाच्या पायथ्यापासून पाणी दूर ओसरले होते. ओली वाळू घट्ट होती, त्यामुळे काठी रुतत नव्हती. अण्णा नातवाचा खांदा धरून सावकाश शंभर-दीडशे पावले चालले आणि मग तटाच्या एका ढासळलेल्या चिऱ्यावर बसले. मी सवयीने म्हणणार होते, “आता पुरे, अण्णा.” पण ते नातवाला पाऊणकी शिकवत होते. मी गप्प राहिले. इतके दिवस त्यांची शांतता मी समाधान समजत होते. ते समाधान नव्हते. त्यांच्याकडून कुणाला काही हवेच नव्हते, म्हणून ते गप्प होते.

१९७६ साली अमेरिकेतील एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी एका वृद्धाश्रमात केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटातील वृद्धांना लहानसहान निर्णय स्वतः घ्यायला सांगितले आणि एकेक रोपटे देऊन त्याची निगा त्यांच्यावरच सोपवली. दुसऱ्या गटालाही रोपटी दिली, पण त्यांची काळजी परिचारिका घेतील असे सांगितले. काही आठवड्यांनी पहिला गट अधिक आनंदी, तरतरीत आणि मिळून-मिसळून वागणारा आढळला. रोपटी दोन्हीकडे होती. फरक होता तो जबाबदारीचा.

ठाण्याला परतल्यावर आम्ही अण्णांना एक काम दिले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहायची आणि शेजारच्या पाटीवर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा लिहायच्या. मुंबई-ठाण्याच्या आणि रेवदंड्याच्या वेळांत फारसे अंतर नसते. हा केवळ विरंगुळा नाही. पावसाळ्यात मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले, तर मुंबईतील पाण्याचा निचरा होत नाही आणि लोकलगाड्या अडकतात. माझे पती रोज दादरला नोकरीला जातात. निघताना ते पाटी वाचतात आणि अण्णा दारापर्यंत येऊन बजावतात, “आज दोनला भरती आहे. पाऊस लागला तर घाई करू नकोस.”

अण्णांचा विसर बरा झाला, असे मी म्हणणार नाही. तो वाढतोच आहे. गेल्या महिन्यात त्यांनी सप्तमीला नवमीचा हिशेब मांडला. नातू चूक दाखवायला धावला, तेव्हा मी त्याला खुणेने थांबवले. मग त्याने विचारले, “आजोबा, आज तिथी कोणती हो?” अण्णांनी पुन्हा दिनदर्शिका पाहिली, स्वतःच हसले आणि पाटी पुसली.

वाचकहो, आपल्याही घरी असे एखादे काम शोधून पाहा. ते त्या व्यक्तीच्या आयुष्यातले, तिला मुळापासून अवगत असलेले असावे. कुणाला हिशेबाची वही, कुणाला वाती वळणे, कुणाला तांदूळ निवडणे. त्या कामाचा घरात खरोखर उपयोग व्हावा, कारण उगाच लावलेले काम वृद्धांना लगेच ओळखू येते. चूक झाली तरी इजा होणार नाही, असे ते असावे. विसर पडणाऱ्या व्यक्तीवर गॅस आणि औषधांच्या वेळा सोपवू नयेत. त्यांना वेळ लागेल, तो लागू द्यावा, आणि त्यांनी केलेले काम त्यांच्या देखत पुन्हा करू नये. या शेवटच्या गोष्टीला सर्वांत अधिक संयम लागतो, हे मी स्वानुभवाने सांगते.

हा मजकूर लिहीत असताना अण्णा आतून विचारताहेत, “खडू संपलाय, कुठे ठेवलाय दुसरा?” “तुम्ही बसा, मी आणते,” हे शब्द आजही आधी ओठांवर येतात. ते गिळून मी सांगते, “अण्णा, वरच्या फळीवर डावीकडे, डब्यात आहे बघा.”