‘यलोफेस’ आणि मी न विचारता लिहिलेली एक पोस्ट

पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगतो.

आर. एफ. क्वांग यांची ‘यलोफेस’ ही इंग्रजी कादंबरी परवा वाचून संपवली. २०२३ साली आली तेव्हा बरीच गाजली होती, मी उशिरा वाचली. (पुढे कथानक फोडलंय. ज्यांना वाचायची असेल त्यांनी इथेच थांबा, नंतर भांडायला येऊ नका.)

गोष्ट अशी. जून हेवर्ड आणि अथीना ल्यू, दोघींची येल विद्यापीठापासूनची ओळख. जून गोरी अमेरिकन, अथीना चिनी वंशाची. अथीना ऐन तारुण्यातच स्टार लेखिका झालेली. जूनचं पहिलं पुस्तक मात्र आलं कधी, गेलं कधी, कुणाला पत्ता नाही. एका रात्री अथीनाच्या घरी नेटफ्लिक्सच्या कराराचा आनंद साजरा करताना पॅनकेक घशात अडकतो आणि अथीना जूनच्या डोळ्यांदेखत जाते. जून घरी परतते तेव्हा तिच्या पिशवीत अथीनाच्या नव्या कादंबरीचं हस्तलिखित असतं. अथीना टाइपरायटरवर लिहायची आणि पूर्ण होईपर्यंत कुणाला दाखवायची नाही. म्हणजे दुसरी प्रतच नाही.

हस्तलिखित आहे पहिल्या महायुद्धातल्या चिनी मजुरांवर. हा इतिहास खरा आहे. ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून सुमारे १,४०,००० चिनी मजूर युरोपात नेले. खंदक खणायला, जहाजं रिकामी करायला, आणि युद्ध संपल्यावर न फुटलेले तोफगोळे वेचायला. फ्रान्समध्ये नॉयेल या गावी त्यांचं कब्रस्तान आहे, आठशेहून जास्त थडगी. (१९१७ मध्ये हिंदुस्थानातूनही मजुरांच्या तुकड्या फ्रान्सला गेल्या होत्या. नागा, मिझो, खासी, संथाळ. आपल्या शाळेच्या पुस्तकात मला तरी त्या कधी भेटल्या नाहीत. असो.)

जून ते हस्तलिखित ‘नीट’ करते. गोऱ्या पात्रांचा दुष्टपणा थोडा कमी, वाचकाला जड जाणारी चिनी नावं थोडी कमी. मग प्रकाशक पुढचं काम करतो. लेखिकेचं नाव ‘जुनिपर साँग’. खोटं काहीच नाही बरं, ‘साँग’ हे तिचं आईने ठेवलेलं मधलं नाव आहे! फोटो असा, की बघणाऱ्याला जे समजायचं ते त्याने समजावं. जुन्या हॉलिवूडमध्ये गोरे नट मेकअप करून चिनी-जपानी भूमिका करायचे, त्याला ‘यलोफेस’ म्हणतात. इथे मेकअप नावाला केलाय.

अशक्य वाटतं? २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘बेस्ट अमेरिकन पोएट्री’ या प्रतिष्ठित संग्रहात यी-फेन चाऊ या कवीची कविता निवडली गेली. नंतर कळलं, कवी मायकल डेरिक हडसन नावाचा इंडियानातला गोरा माणूस. त्याचंच म्हणणं की स्वतःच्या नावाने ही कविता ४० वेळा परत आली, म्हणून त्याने चिनी नाव घेतलं. संपादकाने कविता तरीही ठेवली. कादंबरी यापेक्षा फार पुढे जात नाही.

एक मित्र म्हणाला, ही सगळी अमेरिकन वोक भानगड, आपला काय संबंध? वंशाची बाजू त्यांची आहे हे मान्य. पण अख्खी कादंबरी जूनच्या तोंडून आहे, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. ती आपल्याला कारणं देत राहते. मी एवढी मेहनत घेतली. मी नसते तर ते बाड पेटीत पडून राहिलं असतं. तिला सगळं मिळालं, मला काय मिळालं? प्रत्येक कारण अर्धं खरं आहे. शंभर पानं होईपर्यंत मी मनातल्या मनात म्हणत होतो, पकडली न गेली तर बरं.

कारण ही भाषा माझ्या ओळखीची आहे. मी मुद्रितशोधन करतो, लोकांच्या आत्मचरित्रांचं शब्दांकन करतो. माझं नाव कधी आतल्या पानावर बारीक अक्षरात असतं, कधी ऋणनिर्देशात टायपिस्टच्या खाली. काही वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका मित्राच्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाला. मी ‘मनःपूर्वक अभिनंदन मित्रा’ लिहिलं, पुस्तक विकत आणलं आणि हातात पेन्सिल घेऊन वाचलं. पान ४७ वर ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका सापडल्या. त्या रात्री मला शांत झोप लागली. आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

कादंबरी एकतर्फी नाही, हे तिचं खरं बळ. अथीनाही धुतल्या तांदळासारखी नाही. कॉलेजात जूनवर एक वाईट प्रसंग गुदरलेला असतो, ती विश्वासाने तो अथीनाला सांगते, आणि काही दिवसांनी तोच प्रसंग अथीनाच्या कथेत छापून येतो. ना विचारणं, ना सांगणं. त्या चोरीला कुणी चोरी म्हणत नाही, संवेदनशील लेखन म्हणतात. एका प्रसंगात जून चिनी-अमेरिकनांच्या छोट्या मंडळात वाचनाला जाते. लोक प्रेमाने जेवू घालतात आणि एक म्हातारे गृहस्थ तिचे आभार मानतात, कारण त्यांचा काका त्या मजुरांमध्ये होता. ते आभार नेमके कुणाचे, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

उत्तरार्धात मात्र कादंबरी घसरते. ट्विटरवरची भांडणं पानंच्या पानं चालतात, अथीनाचं भूत वगैरे ओढूनताणून आणलंय, आणि उपरोध काही ठिकाणी इतका उघड की लेखिका कोपराने ढोसते आहे असं वाटतं. प्रकाशनगृहातल्या कँडिस या कनिष्ठ मुलीचं पात्र मला जास्त हवं होतं. हे हस्तलिखित कुणा जाणकाराला दाखवा, असं सुचवल्याबद्दल ती मार खाते. योगायोग बघा, ही कादंबरी ज्या हार्परकॉलिन्सने काढली, तिथले कर्मचारी ती येण्याआधी नोव्हेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ संपावर होते. मागणी होती सुरुवातीचा पगार वर्षाला ५०,००० डॉलर करा, न्यूयॉर्कमध्ये त्याहून कमीत भागत नाही. पुस्तकावर ज्यांचं नाव येत नाही, अशी ती माणसं.

आता मूळ मुद्दा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी माझी ती आजीच्या शिलाई मशीनची पोस्ट वाचली आहे. या भिंतीवर सगळ्यात जास्त शेअर झालेली. पुढे ती व्हॉट्सअॅपवर माझं नाव काढून फिरली, तेव्हा मी इथेच तावातावाने लिहिलं होतं की ही चोरी आहे. तुम्ही सगळे माझ्या बाजूने उभे राहिलात.

ती आजी माझी नव्हती. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका बाईंची ती आई. दुपारी डबा खाताना त्यांनी सांगितलं होतं, डोळे पुसत. मी संध्याकाळी लिहून टाकलं, ‘आमच्या ओळखीतल्या एक आजी’ म्हणून. शब्द माझे होते ना, मग झालं तर, असं वाटलं होतं.

काल त्यांना फोन केला. म्हटलं, ताई, त्या पोस्टमध्ये तुमचं नाव घालतो, नाहीतर काढूनच टाकतो. त्या आधी हसल्या. म्हणाल्या, “अहो, मी लिहिलं असतं तर बारा लाइक पडले असते. राहू द्या.”

मग थोडं थांबून म्हणाल्या, “आईला मात्र मी दाखवली नाही. तिला वाटलं असतं, हे मी सगळ्यांना सांगत फिरते.”

पोस्ट काल रात्री काढली आहे.