गोवर गेला; पण खरेच गेला का?

आमच्या अंबडला घरात एखाद्या पोराला गोवर निघाला, की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा आणि स्वयंपाकघरातली फोडणी बंद व्हायची. औषधापेक्षा अंगाऱ्यावर भिस्त अधिक. पुरळ मावळले, की मत्स्योदरीच्या पायऱ्या चढून नारळ फोडायचा. गोवराचा विषय संपला! मीही अनेक वर्षे तसेच समजत होतो.

पण तो दरवेळी संपत नाही. फार थोड्या मुलांच्या बाबतीत गोवराचा विषाणू मेंदूत दबा धरून बसतो. मूल खाते, खेळते, शाळेत जाते. बहुधा सहा ते दहा वर्षांनी त्याचे अक्षर बिघडू लागते, पाठ असलेले पाढे विसरतात. अंगाला झटके येतात, चालता चालता तोल जातो. पुढे बोलणेही थांबते. डॉक्टर याला ‘एसएसपीई’ म्हणतात. हा आजार दुर्मीळ आहे. पण एकदा जडला, की त्यावर हमखास उपाय आजही नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांना त्याचा धोका अधिक. तोवर घरच्यांना तो जुना गोवर आठवतही नसतो. मग कोणी अभ्यासाचा कंटाळा म्हणते, कोणी बाहेरची बाधा.

मेंदूवर घाला घालणारे विषाणू महाराष्ट्राला नवे नाहीत. नागपूरकडच्या चांदीपुरा गावाचे नाव मिळालेला विषाणू पुण्याच्या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये शोधला. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत त्याने मुलांचे बळी घेतले. त्यावर अजून लस नाही. तिथे आपण हतबल आहोत. गोवराचे तसे नाही. त्याची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान.

मग अडते कुठे? आपल्या भागातून दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात. तान्ही मुले बरोबर असतात, लसीचे कार्ड मात्र घरच्या पेटीत. दुसऱ्या डोसची तारीख फडातच उलटून जाते. माझे म्हणणे एवढेच, की कोयत्याबरोबर कार्डही बांधून घ्यावे. जिथे मुक्काम, तिथल्या आरोग्य केंद्रात डोस मागावा. कोयते मोजून उचल देणाऱ्या मुकादमाने आणि साखर कारखान्यानेही मुलांच्या डोसांची विचारपूस करावी.

हा प्रश्न केवळ ऊसतोडीचा नाही. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ पसरली, तेव्हा बळी गेलेल्यांत लस न घेतलेली मुलेच जास्त होती.

लसीने एखाद-दुसरा दिवस अंग तापेल, पोर किरकिर करील. ती एका रात्रीची जागरणे सोसावीत. आपले नाव विसरत चाललेल्या लेकराच्या उशाशी बसणे कोणत्याही आईच्या वाट्याला येऊ नये. मत्स्योदरीला नारळ जरूर फोडा. पण आधी कार्डावरच्या दोन्ही तारखा भरल्या आहेत ना, ते पाहा.