मायलेज की आराम? गाडीआधी एक वही घ्या



आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात कुणी नवी गाडी घेतली, की पेढा तोंडात टाकता टाकता पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" ब्रेक कसे आहेत, मागे तीन माणसं नीट बसतात का, म्हातारी माणसं चढू-उतरू शकतात का, हे सगळं नंतर. विचारलं तर विचारलं.

मागच्या वर्षी आमच्या घरी गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मीही हाच प्रश्न धरून बसले होते. कुणीतरी हायब्रिड गाडीचा लिटरला २७.९७ किलोमीटरचा आकडा सांगितला आणि माझं मन तिथेच अडकलं. पुढचे दोन महिने आमच्या घरात आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत एकच विषय होता, मायलेज बघायचं की आराम? त्यातून मला जे कळलं ते इथे मांडते. गाडी घ्यायची नसेल तरी वाचा, कारण शेवटी हा विषय आपल्या वर्गातच येऊन पोहोचतो.

हायब्रिड म्हणजे नेमकं काय?

हायब्रिड गाडीत पेट्रोलचं इंजिन असतं आणि सोबत बॅटरीवर चालणारी मोटर असते. ही गाडी घरी चार्जिंगला लावावी लागत नाही. ब्रेक दाबला किंवा उतार लागला, की चाकांच्या फिरण्यातून वीज तयार होते आणि बॅटरीत साठते. एरवी ब्रेक लावताना जी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, तिचा काही भाग इथे परत मिळतो. ऊर्जेचं रूपांतर शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण सापडणार नाही.

यात दोन प्रकार आहेत आणि शोरूममध्ये इथेच घोटाळा होतो. 'माइल्ड' हायब्रिडमध्ये मोटर इंजिनाला नुसता हात लावते, ती एकटी गाडी ओढत नाही. 'स्ट्राँग' हायब्रिडमध्ये मात्र कमी वेगात इंजिन बंद ठेवून गाडी मोटरवर चालू शकते. नावात हायब्रिड असलेली प्रत्येक गाडी सारखी नसते. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा, माइल्ड की स्ट्राँग?

जपानमध्ये टोयोटाची प्रियस १९९७ साली आली. आपल्याकडे होंडाने सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आणली, पण ती सामान्यांच्या आवाक्यातली नव्हती. २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या गाड्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये आल्या आणि मग कुठे आपल्यासारख्यांच्या घरात हा शब्द शिरला.

२७.९७ हा आकडा येतो कुठून?

हा हायरायडर आणि ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा जाहीर आकडा आहे. तो खोटा नाही, पण तो आपल्या रस्त्यावरचा नाही. असे आकडे प्रयोगशाळेतल्या चाचणीत मिळतात. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था आपल्या पुण्यातच, कोथरूडच्या टेकडीवर आहे. तिथे गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या क्रमाने पळवतात. वेग जास्तीत जास्त ताशी ९० किलोमीटर. एसी बंद, चढ नाही, खड्डे नाहीत, मागे सामानासकट बसलेली चार माणसं नाहीत.

चाचणी सगळ्या गाड्यांना सारखी असते, म्हणून तुलनेसाठी हा आकडा उपयोगी आहे. घरखर्चाचा हिशेब मात्र त्यावर करू नये. पेपर सगळ्यांना सारखाच असतो, पण परीक्षेतले गुण म्हणजे अख्खं मूल नव्हे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आपले रस्ते काय सांगतात?

हायब्रिडचा फायदा रस्त्यावर अवलंबून असतो. पुणे-नाशिक महामार्गाचंच बघा. नारायणगाव, मंचरची बाह्यवळणं झाल्यापासून तिथे गाडी एका वेगात पळते. अशा सलग वेगात बराच वेळ इंजिनच काम करतं, त्यामुळे हायब्रिडची आघाडी कमी होते. तीच गाडी चाकणच्या तळेगाव चौकात अडकली, की चित्र उलटतं. दहा मीटर पुढे, थांबा, पुन्हा दहा मीटर. साधी गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पिते. स्ट्राँग हायब्रिड इंजिन बंद करून मोटरवर सरकते, एसीही बॅटरीवर चालू राहतो. क्लच नाही, घरघर नाही. म्हणजे जिथे मायलेज मिळतं तिथेच आरामही मिळतो. मायलेज आणि आराम नेहमीच एकमेकांचे वैरी असतात असं नाही.

घाटाचं वेगळं आहे. माळशेज चढताना इंजिनाला जोर लावावाच लागतो. उतरताना बॅटरी भरते, पण ती लहान असते. ग्रँड व्हिटारात ती एक युनिट विजेपेक्षाही कमी, ०.७६ युनिटची आहे. लांब उतारावर ती लवकर भरते आणि पुढचा उतार फुकट जातो. तेव्हा "घाटात गाडी फुकट चालते" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

वहीतला हिशेब

आमच्या शाळेतले गणिताचे सर म्हणाले, "मॅडम, गाडी नंतर बघा. आधी महिनाभर वहीत लिहा, कुठे गेलात, किती किलोमीटर, सोबत कोण होतं." मी लिहिलं. आम्ही घोडेगावात राहतो. माझी शाळा डिंभ्याच्या पुढे, जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. सासूबाईंच्या गुडघ्याच्या उपचारासाठी महिन्यातून दोनदा पुणे, दर खेपेला साधारण १५० किलोमीटर. बाकी बाजार, लग्नकार्य, गावची जत्रा. सुट्ट्या वजा करून वर्षाला सुमारे १५,००० किलोमीटर.

आता गणित. प्रत्यक्षात हायब्रिड लिटरला २२ आणि त्याच आकाराची साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी १५ किलोमीटर देते असं धरलं. १५,००० किलोमीटरला हायब्रिडला ६८२ लिटर लागतील, साध्या गाडीला १,००० लिटर. फरक ३१८ लिटर. पेट्रोल १०५ रुपयांनी धरलं तर वर्षाला सुमारे ३३,४०० रुपयांची बचत. दोन्ही गाड्यांच्या किमतीत ३ लाखांचा फरक धरला, तर तो भरून निघायला नऊ वर्षं. कर्जाचं व्याज वेगळंच.

वर्षाला ६,००० किलोमीटरच फिरणाऱ्याला हाच फरक भरून काढायला बावीस वर्षं लागतील. नारायणगावहून रोज चाकणला कंपनीत जाणारा माणूस मात्र वर्षाला ३०,००० किलोमीटर करत असेल, तर साडेचार वर्षांतच पैसे वसूल. शिवाय हायब्रिड बॅटरीला या कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. त्या माणसाने डोळे झाकून हायब्रिड घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गंमत सरांनी दाखवली. लिटरला १० देणारी जुनी गाडी काढून १५ देणारी घेतली, तर १५,००० किलोमीटरला ५०० लिटर वाचतात. पण २० वरून २५ वर गेलं तर फक्त १५० लिटर! वाढ दोन्हीकडे पाचचीच, बचत मात्र तिपटीहून जास्त वेगळी. कारण पेट्रोल आणि ॲव्हरेज व्यस्त प्रमाणात आहेत. युरोपात म्हणूनच १०० किलोमीटरला किती लिटर, असं मोजतात. मोठा आकडा दिसला की मोठी बचत, हा आपला भ्रम आहे.

आणि मग सासूबाई गाडीत बसल्या

हिशेब झाला तरी माझं मन हायब्रिडवरच होतं. नऊ वर्षं तर नऊ वर्षं, गाडी काय रोज घेतो का? म्हणून आम्ही आईंना सोबत घेऊन गाड्या बघायला गेलो.

त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याची व्हायची आहे. सीट फार खाली असेल तर उठताना गुडघ्यावर जोर येतो, फार वर असेल तर चढता येत नाही. मी विक्रेत्याला मायलेज विचारत होते, तेवढ्यात आई मागून म्हणाल्या, "अगं, किती देते ते राहू दे. मला उतरता येतंय का ते बघ आधी."

मग डिकी उघडली. स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरीला जागा लागते आणि काही गाड्यांत ती डिकीतून जाते. ग्रँड व्हिटाराच्या साध्या प्रकारात डिकी ३७३ लिटरची आहे, स्ट्राँग हायब्रिडमध्ये २६५ लिटरची. होंडा सिटीत ती ५०६ वरून ३०६ वर येते. सगळ्याच हायब्रिड अशा नसतात. इनोव्हा हायक्रॉसमध्ये बॅटरी पुढच्या सीटखाली आहे, पण ती आमच्या बजेटबाहेर. आईंचा वॉकर, घडीची खुर्ची आणि एक बॅग एवढं सामान आम्हाला दर खेपेला न्यावं लागतं. आम्ही वॉकर सोबत नेला होता. लहान डिकीत वॉकर मावला, पण खुर्ची राहिली.

घरी येऊन मी वही पुन्हा उघडली. पेट्रोलचा रकाना होता. "आईंची कंबर किती दुखली" याचा रकाना नव्हता. पावसाळ्यात डिंभ्याच्या वळणांवरून दमून आलेली बाई पाचवीच्या वर्गात पहिल्या तासाला कशी शिकवते, याचाही नव्हता. जे आकड्यात मोजता येतं ते आपल्याला जड वाटतं आणि जे मोजता येत नाही ते आपण हलकं समजतो. मायलेजच्या बाबतीत मी तेच करत होते. निकालाच्या टक्केवारीपुढे मुलाचा धीटपणा विसरतो ना आपण, अगदी तसंच.

माझा निर्णय आणि एक आक्षेप

आम्ही साधी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेतली. सीट योग्य उंचीची, डिकी मोठी. वाचलेले पैसे दुसऱ्या गुडघ्यासाठी बाजूला ठेवले. चाकणला अडकल्यावर शेजारची हायब्रिड आवाज न करता सरकताना बघून जीव थोडा हळहळतो, ते कबूल.

आमच्या विज्ञानाच्या मॅडमनी रास्त आक्षेप घेतला. "पैशाचं ठीक आहे, पण एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुझे ३१८ लिटर म्हणजे वर्षाला ७०० किलोच्या वर झाले." त्यांचं म्हणणं खरंच होतं आणि मला उत्तर सुचेना. मग त्याच म्हणाल्या, "मी तुझ्याच रस्त्याने जाते की!" आता त्या माझ्याच गाडीने येतात. त्यांची गाडी घरी राहते. शाळेच्या फेऱ्यांचे वर्षाला साडेदहा हजार किलोमीटर, लिटरला १५ ने मोजले तर ७०० लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे हायब्रिडने वाचवलं असतं त्याच्या दुपटीहून जास्त. आणि मॅडम येतात का? तर मागच्या सीटवर त्या आणि वह्यांचा गठ्ठा दोन्ही ऐसपैस बसतात म्हणून!

तेव्हा माझं मत असं आहे. रोज गर्दीतून लांबचा प्रवास असेल तर स्ट्राँग हायब्रिड घ्या, तिथे मायलेज आणि आराम दोन्ही मिळतं. प्रवास थोडा असेल, किंवा घरात म्हातारं, आजारी, लहान माणूस असेल, तर आधी त्याला गाडीत बसवून बघा आणि मगच ॲव्हरेज विचारा. चाचणी फेरीही शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको, आपल्या रोजच्या रस्त्यावर घ्या. आणि हायब्रिड घेतलीत तर शाळेच्या फाटकाशी जास्त सांभाळा. कमी वेगात तिचा आवाज मुलांना पटकन कळत नाही.

वर्गासाठी उपक्रम

सातवी-आठवीच्या मुलांना घरच्या दुचाकीचं महिनाभराचं पेट्रोल आणि किलोमीटर लिहून आणायला सांगा. १०० किलोमीटरला किती लिटर, ते काढू द्या. मग एक रकाना रिकामा ठेवायला सांगा, "या प्रवासात कोण होतं आणि कसं वाटलं?" आमच्या वर्गात एका मुलाने तिथे लिहिलं, "आजी मागे बसली होती, म्हणून बाबांनी गाडी हळू चालवली." त्या महिन्यात त्यांचं ॲव्हरेजही वाढलं होतं. मी त्या उत्तराला पूर्ण गुण दिले.