पहिली तुकडी कोणाची?

आपल्या वसतिगृहात राहून गेलेल्या कोणत्याही पिढीला विचारा, मैदानाचा विषय निघाला की बोलणे खो-खोवरच येते. दोन खांब आणि मोकळी जागा एवढ्यावर भागणारा हा खेळ आपल्याला परवडला आणि लाभलाही. म्हणूनच या स्मरणिकेत गौरवाच्या चार शब्दांऐवजी एक मतभेदाचा मुद्दा मांडावा, असे आम्हांस वाटते.

संरक्षण करणारे नऊ खेळाडू तिघातिघांच्या तुकडीने मैदानात उतरतात. त्यांचा क्रम पाळीपूर्वी गुणलेखकाकडे नोंदवावा लागतो. नऊ मिनिटांच्या पाळीत पहिल्या तुकडीने चार मिनिटे काढली, तर निम्मे काम तेथेच होते. म्हणून सर्वोत्तम तिघे आधी, हा प्रघात आपण वर्षानुवर्षे पाळत आलो. आमच्या मते तीच आपली मोठी चूक आहे.

प्रतिस्पर्धीही डोळे उघडे ठेवून असतो. ज्याने आपले दोन सामने पाहिले, त्याला नोंद न वाचताच पहिले तिघे ठाऊक असतात. साखळी खेळणारा धावक येणार असेल, तर मधल्या पाट्यांवर झटपट खो देणारी मुले बसतात. गोल खेळणारा असेल, तर खांबाजवळ लांब हाताचा, सूर मारणारा गडी. आक्रमकाला एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत उलट फिरता येत नाही, मध्यपाटीही ओलांडता येत नाही. धावकाचा सारा आधार त्याच्या या अडचणीवर असतो. मात्र हुलकावणी नेहमी डाव्याच बाजूस देण्याची खोड एकदा ओळखली गेली, की तो आधार संपतो. आता तर प्रत्येक पालकाच्या हाती मोबाइल आहे. सामना संपण्याआधी त्याचे चित्रण गावभर पोहोचते.

आमच्या वेळच्या एका जिल्हास्तरीय सामन्यात आपले तिन्ही नामांकित धावक दोन मिनिटांच्या आत बाद झाले. पुढे तिसऱ्या तुकडीतला एक अबोल मुलगा उतरला आणि पाळी संपेपर्यंत हाती लागला नाही. तो फार वेगवान होता असे नव्हे. त्याचा खेळ कोणी पाहिलेलाच नव्हता, इतकेच. सामना आपण हरलो, आणि पुढच्या सामन्यात तो मुलगा पुन्हा तिसऱ्याच तुकडीत होता!

आक्रमक पहिल्या दोन मिनिटांत सर्वांत ताजे असतात. तो भर झेलायला संयमी, दम राखून खेळणारे धावक पाठवावेत; नामांकितांना दुसऱ्या तुकडीत ठेवावे, किंवा प्रत्येक तुकडीत एक अनुभवी आणि दोन नवे अशी जुळणी करावी. पहिली तुकडी झटकन कोसळली तर मुलांचा धीर खचेल, ही प्रशिक्षकांची भीती खोटी नाही. प्रतिस्पर्धी हा बदलही हेरेल, हेही खरे. त्यावर उपाय एकच, नऊही जणांनी कोणत्याही क्रमाने उतरण्याची तयारी ठेवायची. मग हेरण्यासारखे फारसे उरत नाही.

आम्हांस अधिक सलते ते वेगळेच. पहिल्या दोन तुकड्यांनी वेळ काढला की तिसरीला मैदान दिसतच नाही. रोजंदारी बुडवून, दोन एसटी बदलून आलेले आईवडील कडेला बसून आपल्या मुलाची पाळी येण्याची वाट पाहतात, आणि शिट्टी वाजते. त्या मुलाने वर्षभर पहाटे पाचला उठून सराव केलेला असतो.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे खेळले आहेत, त्यांनी येत्या मोसमात एवढे करावे: शनिवारी मैदानावर यावे, हातात वही घ्यावी आणि सरावाला तिसऱ्या तुकडीपासून सुरुवात करावी.