रंगवलेली भिंत म्हणजे लोकसहभाग नव्हे

शाळेच्या संदर्भात लोकसहभागाचा विषय निघाला की ठरावीक चित्र उभे राहते: कंपनीच्या सामाजिक निधीतून रंगवलेली भिंत, दप्तरांचे वाटप, कापलेली फीत. हिंजवडी, माण, पिरंगुटसारखी उद्योगांची गावे पोटात असलेल्या मुळशी तालुक्यात तर असा निधी फार लांब शोधावा लागत नाही. ही मदत वाईट नाही. गळक्या छपराला पत्रे लागतातच. पण तिला लोकसहभाग म्हणणे चूक आहे. देणगीदार निघून गेला की शाळेच्या कारभारात गावाचे स्थान आधी होते तिथेच राहते.

लोकसहभागाचे विरोधक नेमके याच चित्रावर बोट ठेवतात. सरकारला शिक्षणाच्या खर्चातून अंग काढून घ्यायचे आहे आणि त्यासाठी हा गोड शब्द वापरला जातो, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याने शाळा दत्तक देण्याची योजना आणली आणि देणगीदाराचे नाव काही वर्षे शाळेला जोडण्याची मुभा दिली. त्याच महिन्यात शिक्षण आयुक्तालयाने वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या १४,७८३ शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्यासाठी प्रस्ताव मागवले. एकीकडे दात्याला आमंत्रण, दुसरीकडे वाडीवरच्या शाळेवर टांगती तलवार. संताप स्वाभाविक आहे. मात्र त्यातून विरोधक जो निष्कर्ष काढतात, की गावाने शिक्षणात पडूच नये, सगळे सरकारवर सोडावे, तो उलटा आहे. ज्या शाळेमागे गाव उभे नाही ती शाळा बंद करणे सरकारला सर्वांत सोपे जाते.

समूह शाळांसाठी आदर्श म्हणून दाखवले गेले ते नंदुरबारचे तोरणमाळ आणि मुळशीच्या शेजारचे पानशेत. मोठी इमारत, विषयवार शिक्षक, खेळायला सवंगडी हे फायदे खरे आहेत, आणि चार मुलांच्या वर्गात मूल एकटे पडते हेही खरे. पण प्रश्न रस्त्याचा आहे. मुळशीतल्या ताम्हिणीच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात पाऊस कसा कोसळतो, ते सहा वर्षांच्या मुलीला गाडीत बसवून देणारी आईच सांगू शकते. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे शिक्षणहक्क कायद्याखालील राज्याचे नियमच सांगतात. वाहतूक कोण करणार, गाडी बंद पडली तर काय, वाडीवरची मुलगी पाचवीनंतर टिकणार का, हे ठरवताना पालकांचा शब्द अखेरचा असला पाहिजे.

इथे दुसरा आक्षेप येतो: पालक अडाणी, त्यांना शिक्षणातले काय कळते? तो कुजबुजत केला जातो, म्हणून अधिक घातक. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मुळशी तालुक्यातले मावळे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. त्यांत बायकाही होत्या. आपल्या जमिनीचे काय होणार हे त्यांना बरोबर कळले होते, आणि तेव्हा साक्षर किती होते याला महत्त्व नव्हते. त्यांच्या पणतवंडांना शाळेचा आराखडा कळणार नाही असे म्हणणे हा तालुक्याचा अपमान आहे.

पालकांना शिक्षणातले कळत नाही असे कायदाही मानत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २१ सांगते की शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा करणे, अनुदान कसे खर्च झाले ते तपासणे ही कामे याच समितीची. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकच असतो, मुख्याध्यापक सचिव. बीडसारख्या ऊसतोडीच्या जिल्ह्यांत आईबाप कारखान्याच्या फडावर गेल्यावर मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली गेली, तीही शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत. मुळशीतल्या कातकरी वस्त्यांवरून वीटभट्टीकडे निघणाऱ्या कुटुंबांना हाच मार्ग उपयोगी आहे.

तरीही कुणी म्हणेल, हे सगळे एखाद्या तळमळीच्या गुरुजींमुळे घडते, गावामुळे नव्हे. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचे उदाहरण दिले जाते. तिथे पट अगदी रोडावला होता, शाळा बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी आले आणि २०२५ मध्ये त्या शाळेला जागतिक सर्वोत्कृष्ट शाळा पुरस्कारांतला लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. गुरुजींचे श्रेय कुणी नाकारू नये. पण त्यापूर्वी वाबळेवाडीतही त्यांनी शाळा उभी केली ती गावकऱ्यांना बरोबर घेऊनच. शिक्षकाची बदली होते, गावाची होत नाही.

शिक्षण गावाच्या दारात नेण्याचा आणि गावाला त्यात सामील करण्याचा हा विचार परक्या देशातून आलेला नाही. १९४५ मध्ये बोर्डीत ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. वंचित घरांतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे कोसबाडला हे काम वाढले आणि २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडी देशभर पोचली. सयाजीरावांच्या बडोद्यात १९१० नंतर खेड्यातल्या वाचनालयासाठी गावाने वर्गणी जमवली की प्रांत पंचायत आणि सरकार तेवढीच भर घालत. पैसा सरकारचाही, पुढाकार गावाचा, आणि दोघांनाही माघार घ्यायला जागा नाही.

ग्रंथालयांच्या बाबतीत मात्र महाराष्ट्र कमी पडला. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाची वाट दिली, पण ग्रंथालय कर ठेवला नाही. केरळच्या १९८९ च्या कायद्याने मालमत्ता कर व इमारत करावर पाच टक्के ग्रंथालय उपकर लावला आणि कारभार वाचनालयांनी निवडलेल्या परिषदांकडे सोपवला. आपल्याकडे भिलार ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचे गाव झाले, घराघरांत पुस्तके मांडली गेली. ते सुंदर आहे. पण प्रत्येक गावाकडे महाबळेश्वरच्या वाटेवरचे पर्यटक नसतात. आयटी पार्कच्या इमारती ज्यांच्या हद्दीत आहेत त्या पंचायतींच्या करातला ठरलेला हिस्सा तालुक्यातल्या वाचनालयांकडे वळला, तर ताम्हिणीच्या अलीकडच्या वाडीतही पुस्तकांची पेटी फिरू शकेल. अंगणवाडीसाठी तर वाट आधीच आहे: स्वउत्पन्नाचे दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करण्याचे बंधन ग्रामपंचायतींवर आजही आहे. त्यातून अंगणवाडीचे छप्पर, पाणी, शौचालय होते की नाही, हे ग्रामसभेत उभे राहून विचारता येते.

हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे महापालिकेत घेण्याची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. तसे झाले तर ग्रामसभा जाईल, कर महापालिकेकडे जाईल, पण कलम २१ ची समिती जाणार नाही. ती शाळेबरोबर राहते. त्या दिवसाआधी या गावांतल्या पालकांनी शाळेचे आराखडे स्वतः लिहून, सह्या करून, ग्रामसभेच्या ठरावासह पौडच्या पंचायत समितीत दाखल करावेत.